नावात मान्यता नको, जबाबदारी हवी

पगार न घेता आपल्या वस्तीतली, कचेरीतली, कारखान्यातली खबर गोळा करून ती लोकांपुढे मांडणारी माणसे आज गावोगावी आहेत. कुणी गृहिणी आहे, कुणी निवृत्त कारकून, कुणी कॉलेजात शिकणारी मुलगी. अशांना ओळखपत्र द्यावे, बातमी कशी तपासायची ते शिकवावे, अडचणीत त्यांच्या पाठीशी उभे राहावे, यासाठी एक संस्था हवी, हा विचार दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरसारख्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत काढला तर सगळ्यांच्या माना डोलतात. भांडण सुरू होते ते नावावरून. आणि सुचणारी नावे बहुधा एकाच साच्यातली असतात. 'राष्ट्रीय', 'अखिल भारतीय', 'मान्यताप्राप्त', 'स्वयंसेवी', 'पत्रकार', 'परिषद' हे शब्द पुढेमागे केले की झाले नाव तयार.

काही साथी म्हणतात, नावात काय आहे, काम महत्त्वाचे. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने असे म्हणावे याचे आश्चर्य वाटते. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली' या एका शब्दावर हजारोंची उमेदीची वर्षे गेली. 'रोजंदारी', 'कंत्राटी', 'शिकाऊ', 'मानधन' हे सारे शब्दच आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या पगारातून, रजेतून, निवृत्तिवेतनातून आपला वाटा कापून घेतला आहे. मालक आणि सरकार नावे विचारपूर्वक ठेवतात. मग आपणच का बेफिकीर राहावे? म्हणून या नावातला एकेक शब्द तपासला पाहिजे.

'मान्यता' म्हणजे कुणाची मान्यता?

पहिला शब्द 'मान्यता', महाराष्ट्र शासनाच्या भाषेत 'अधिस्वीकृती'. हा शब्द ऐकताच प्रश्न यावा: स्वीकारणारा कोण? आज दिल्लीत केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालय पत्रकारांना अधिस्वीकृती देते. तिचे नवे नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. त्यांनुसार पूर्णवेळ पत्रकाराला किमान ५ वर्षांचा आणि मुक्त पत्रकाराला १५ वर्षांचा अनुभव लागतो. देशाचे सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी अशा कारणांवरून दिलेली मान्यता काढून घेण्याची किंवा स्थगित करण्याची तरतूदही त्यात आहे. 'सभ्यता' म्हणजे काय आणि 'नीतिमत्ता' कुणाची, हे ठरवणार तेच, जे मान्यता देणार. आणखी एक गंमत पाहा. ही मान्यता मिळालेल्या पत्रकाराने आपल्या भेटपत्रावर, पत्रशीर्षावर किंवा समाजमाध्यमांवर 'भारत सरकारकडून अधिस्वीकृत' असे शब्द वापरायचे नाहीत, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. म्हणजे ज्याच्याकडे खरी सरकारी मान्यता आहे त्याला ती मिरवण्याची बंदी, आणि आपण मात्र आपल्या संस्थेच्या पाटीवरच 'मान्यताप्राप्त' रंगवायला निघालो आहोत!

आणीबाणीत अनेक वार्ताहरांची मान्यता काढून घेण्यात आली आणि १९६६ साली स्थापन झालेली प्रेस कौन्सिलही गुंडाळण्यात आली. ती पुन्हा उभी राहायला १९७८ चा कायदा यावा लागला. जे वरून दिले जाते ते वरून काढूनही घेतले जाते, हा त्या काळाचा धडा आहे.

कुणी म्हणेल, सरकारची मान्यता नको हे पटते, पण पत्रकारांनी पत्रकारांना मान्यता द्यायला काय हरकत आहे? या प्रश्नाचा निवाडाही जगात झालेला आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात पत्रकारांच्या एका व्यावसायिक मंडळाचे सभासद झाल्याशिवाय पत्रकारिता करता येणार नाही असा कायदा होता. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयाने अभिप्राय दिला की अशी सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे. डॉक्टर किंवा वकील यांच्या परवान्याची तुलना इथे लागू पडत नाही, कारण बोलणे आणि लिहिणे हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे आणि पत्रकारिता त्या हक्कापासून वेगळी काढता येत नाही.

आपल्या राज्यघटनेचीही हीच भूमिका आहे. वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी वेगळे कलम घालावे अशी मागणी संविधान सभेत झाली, तेव्हा १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळे असे खास हक्क नाहीत. संपादक लिहितो तोही नागरिक म्हणूनच लिहितो. म्हणून कलम १९ मध्ये 'पत्रकार' हा शब्द नाही, 'सर्व नागरिक' हे शब्द आहेत. ज्याला घटनेने आधीच मान्य केले आहे त्याला पुन्हा मान्यता देणारे आपण कोण? आणि उद्या आपण ५० जणांना 'मान्यताप्राप्त' म्हटले, तर शेजारच्या गल्लीत आपले कार्ड नसताना खरी बातमी देणारी ५१ वी बाई 'अमान्य' ठरते. पोलीस चौकीवर तिला विचारले जाईल, बाकीच्यांकडे कार्ड आहे, तुझ्याकडे का नाही? आपणच तयार केलेला दाखला आपल्याच माणसाविरुद्ध वापरला जाईल.

'स्वयंसेवक' या शब्दाचा इतिहास

दुसरा शब्द 'स्वयंसेवी'. हा शब्द गोड आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाडी सेविका आल्या. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या. दोघींना सरकारने कामगार म्हटले नाही. त्या मानसेवी, स्वयंसेविका, आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे तर मानधन किंवा मोबदला. पोषण आहार वाटायचा, लसीकरणाला घरोघर फिरायचे, जनगणनेपासून साथीच्या रोगापर्यंत सारी कामे करायची, पण किमान वेतन मागितले की उत्तर येते, तुम्ही तर सेवेसाठी आलात! मे २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने या योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून ओळखावे अशी शिफारस केली. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला एप्रिल २०२२ उजाडला. एका शब्दाची गाठ सोडवायला ४७ वर्षे!

वृत्तपत्रसृष्टीतही हाच खेळ चालतो. तालुक्याच्या ठिकाणी बातमी आणणाऱ्याला महिन्याकाठी किरकोळ रक्कम द्यायची, जाहिराती आणायचे कामही त्याच्याच गळ्यात घालायचे, आणि कायद्याचा प्रश्न आला की तो आमचा नोकर नाही, हौसेने लिहितो, असे सांगायचे. अशा माणसाला आपल्या संस्थेने 'स्वयंसेवी पत्रकार' असे कार्ड दिले तर मालकाच्या हातात आयता पुरावा पडेल. जो खरोखर स्वतःच्या इच्छेने, कुणाच्या नफ्यासाठी नव्हे तर आपल्या वस्तीसाठी लिहितो, तो नागरिक वेगळा. ज्याच्या बातमीवर दुसरा पैसा कमावतो आणि ज्याला त्यातले काही मिळत नाही, तो वेठबिगार वेगळा. पहिल्याला आधार द्यायचा आहे. दुसऱ्याला आधाराबरोबर पगार मिळवून द्यायचा आहे. दोघांना एकाच शब्दात कोंबणे म्हणजे दुसऱ्याचा घात आहे.

गोव्यातले उदाहरण घ्या. 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' ही संस्था २००३ पासून वंचित वस्त्यांतल्या माणसांना कॅमेरा हाती धरायला शिकवत आली. संस्थेच्या नावात 'स्वयंसेवक' आहे, पण गावोगावच्या माणसांना तिने 'समुदाय वार्ताहर' म्हटले आणि त्यांच्या चित्रफितींचा मोबदला दिला. काम चांगले असल्यामुळे तिथे नाव मागे पडले. पण प्रत्येक संस्थेत काम नावाला असे सावरून घेईल याची हमी कोण देणार?

पत्रकार बांधवांची शंका

आता वृत्तपत्रांत नोकरी करणाऱ्या साथींची शंका. ते म्हणतात, फुकट बातमी देणारे वाढले की आमच्या नोकऱ्या जातील. ही शंका हसण्यावारी नेऊ नये. वाचकाने पाठवलेले छायाचित्र फुकट मिळते म्हटल्यावर छायाचित्रकाराची जागा भरायची कशाला, असा हिशेब करणारे मालक आहेतच. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली खास कायदा झाला, त्यामागे संघटित लढा होता. त्या कायद्यातली व्याख्या होती: पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो वृत्तपत्र आस्थापनेत पूर्णवेळ वा अर्धवेळ नोकरीला आहे तो. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या, तरी अनेक मालकांनी त्या पूर्णपणे अमलात आणल्या नाहीत. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यावर तो १९५५ चा कायदाच संहितेत विरघळून गेला. व्याख्येत दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमे आली हे खरे, पण 'मुख्य व्यवसाय' आणि 'नोकरी' या दोन अटी तशाच राहिल्या.

महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा कायदा केला. त्याचे स्वागत झाले आणि व्हायलाच हवे होते. पण त्यातही 'माध्यम व्यक्ती' म्हणजे पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असलेली, नियमित वा कंत्राटी नोकरीतली व्यक्ती. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडले गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. कोकणातल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाबद्दल ते लिहीत होते. ते वृत्तपत्रात काम करत होते, म्हणून निदान पत्रकाराचा खून झाला असे राज्यभर म्हटले गेले. त्याच रस्त्यावर, त्याच प्रकल्पाची माहिती गोळा करणारी एखादी बिनपगारी शिक्षिका असती तर? तिच्यासाठी तो कायदा नाही.

म्हणून नोकरदार पत्रकार आणि नागरिक वार्ताहर यांनी एकमेकांकडे संशयाने पाहू नये. दोघांचा मालक एक नसेल, पण दोघांवर येणारा दबाव एकच आहे. मात्र त्यासाठी आपण आपल्या माणसांना 'पत्रकार' म्हणण्याचा अट्टहास सोडावा. तो शब्द वेतन मंडळाशी, नोकरीच्या पत्राशी जोडलेला राहू द्या. आपल्यासाठी 'वार्ताहर' पुरे. वार्ता घेऊन येणारा तो वार्ताहर; त्यात डौल नाही आणि खोटा दावाही नाही.

आणि 'राष्ट्रीय' तर नकोच. १९५० चा बोधचिन्हे आणि नावे यांविषयीचा कायदा सरकारी आश्रयाचा आभास निर्माण करणाऱ्या नावांना मनाई करतो. ती मनाई बाजूला ठेवली तरी, पैसे घेऊन कार्डे वाटणाऱ्या आणि गाडीच्या काचेवर 'प्रेस' चिकटवून वाहतूक पोलिसाला दम देणाऱ्या टोळ्यांनी हे भारदस्त शब्द इतके वापरून टाकले आहेत की प्रामाणिक माणसाने ते हातात घेऊ नयेत.

ज्या नगरात राणीचे नाव आहे

सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांच्या शेजारी, आयएनए बाजाराच्या जवळ हे लक्ष्मीबाई नगर आहे. झाशीच्या राणीच्या शेवटच्या काळाबद्दल आज मराठी माणसाला जे माहीत आहे त्यातले बरेचसे कुणामुळे? पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांमुळे. दक्षिणा मिळेल या आशेने घराबाहेर पडलेला हा गरीब भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, डोळ्यांनी पाहिले ते त्याने पुढे लिहून काढले. इंग्रज सरकारच्या भीतीमुळे तो मजकूर त्याच्या हयातीत छापला गेला नाही. 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्या भिक्षुकाला कुणी मान्यता दिली होती? त्याला मान्यतेची गरज नव्हती. गरज होती ती त्याच्या मागे उभे राहून, जिवंतपणी छापा, काही झाले तर आम्ही आहोत, असे म्हणणाऱ्या कुणाची. ते म्हणणारे कुणी नव्हते म्हणून साक्ष कित्येक वर्षे पेटीत पडून राहिली.

त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, दिल्ली दरबारची खबर पुण्याला पाठवणारे हिंगणे होते. ते पेशव्यांचे वकील. त्यांची खबर धन्यासाठी होती, रयतेसाठी नव्हती. वार्ताहर कुणाचा, हा प्रश्न मराठीत असा जुना आहे.

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढलेला 'दीनबंधू' १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतला. लोखंडे यांनी गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेली होती. त्यांनी गिरणी कामगारांची गाऱ्हाणी छापली, १८८४ साली कामगारांची सभा भरवली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. वार्ता आणि संघटना एकाच माणसाच्या हातून उभी राहिली. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. 'दीनबंधू' म्हणजे कुणाचा बंधू, 'मूकनायक' म्हणजे कुणाचा नायक, ते नावातच आहे. आपण कुणाचे, हे त्या नावांनी सांगितले. आपल्याला कुणी प्रमाणित केले, हे सांगायची त्यांना गरज भासली नाही. राणीच्याच बुंदेलखंडात, चित्रकूटमध्ये २००२ साली सुरू झालेल्या 'खबर लहरिया'च्या दलित आणि ग्रामीण स्त्रियांनीही नावाने कुठलाही दाखला मागितला नाही.

मग नाव काय?

आमची सूचना सरळ आहे: 'नागरिक वार्ताहर सहाय्य संघ, लक्ष्मीबाई नगर'. 'मान्यता'च्या जागी 'सहाय्य'. 'राष्ट्रीय'च्या जागी वस्तीचे नाव, कारण जिथली बातमी तिथल्याच माणसांना संघाला जाब विचारता आला पाहिजे. दुसऱ्या वसाहतीने आपला संघ काढावा, आपले नाव लावावे. पुढे मग त्यांचा महासंघ होऊ द्या. इमारत पायापासून वर जाते. नोंदणीसाठी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला ७ माणसे पुरतात.

कार्डावर 'अधिस्वीकृत' असे लिहू नये. लिहावे: 'हे आमचे सभासद आहेत. यांच्या वार्तेबद्दल तक्रार असल्यास आमच्याकडे करावी. यांना अडवल्यास आम्हाला कळवावे.' अशा कार्डाने वार्ताहराला अधिकार मिळत नाही. संघावर जबाबदारी येते. फरक एवढाच आहे आणि सगळा फरक तोच आहे.

आक्षेप येईल की असे कार्ड पोलीस जुमानणार नाहीत. रात्रीच्या नाक्यावर सरकारी कार्ड तरी नेहमी जुमानले जाते काय? पोलीस जुमानतात ते मागे येणाऱ्या माणसांना. अर्ध्या तासात चौकीवर वकील आणि १० माणसे पोचली तर साधा कागदही भारी पडतो. कुणी येणार नसेल तर सोनेरी अक्षरांचा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप, मग खंडणीखोरही घुसतील. घुसू पाहतील. म्हणून सभासदत्व शिकवणीनंतरच द्यावे, वर्गणी नाममात्र असावी, सभासदांची यादी उघड असावी, तक्रारीची सुनावणी दोन्ही बाजू ऐकून व्हावी, निर्णय कारणांसह लेखी द्यावा, आणि चूक झाली तर दुरुस्ती तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध करावी. ही शिस्त कामगार संघटनांना नवी नाही.

क्वार्टरमधली अडचण

शेवटी या वसाहतीचा खास प्रश्न. इथे राहणारा केंद्रीय कर्मचारी १९६४ च्या वर्तणूक नियमांनी बांधलेला आहे. नियम ८ त्याला परवानगीशिवाय वृत्तपत्र चालवू देत नाही. नियम ९ सरकारच्या धोरणावर टीका करू देत नाही, मग ती स्वतःच्या नावाने असो, निनावी असो की टोपणनावाने. नियम ११ कचेरीतली माहिती बाहेर देऊ देत नाही. त्यामुळे नळाला पाणी का येत नाही याची बातमी लिहायची झाली तरी तो मुलीकडे किंवा बायकोकडे बघतो, आणि क्वार्टर कुणाच्या नावावर आहे हे आठवून तीही गप्प बसते. जून २०१८ मध्ये सरोजिनी नगर, नेताजी नगर परिसरातली झाडे पुनर्विकासासाठी तोडली जाऊ लागली, तेव्हा नागरिकांनीच झाडे मोजली, छायाचित्रे काढली, ओरड केली, आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन तोड थांबवण्याचे आश्वासन द्यावे लागले. त्यांच्याजवळ कसली कार्डे होती?

पण त्याच नियम ९ मध्ये एक अपवाद आहे. कर्मचारी संघटनेचा पदाधिकारी म्हणून, सेवाशर्तींच्या रक्षणासाठी वा सुधारणेसाठी प्रामाणिकपणे मांडलेल्या मताला ती बंदी लागू नाही. म्हणजे जिथे एकट्या कर्मचाऱ्याचे तोंड बांधलेले आहे तिथे संघटनेचे तोंड निदान सेवाशर्तींपुरते मोकळे आहे. एवढी फट पुरेशी नाही, पण ती आपली आहे. म्हणून साथींनो, असा संघ उभा राहात असेल तर आपल्या शाखांनी नुसत्या शुभेच्छा देऊन थांबू नये. बसायला खोली द्यावी, आपला वकील द्यावा, नोटिशीला उत्तर लिहायला बसावे, प्रवासाचा आणि फोनचा खर्च उचलावा. जो वार्ताहर कुणाच्या नफ्यासाठी राबवला जात असेल त्याला संघात नुसता सभासद करून न थांबता वेतनाच्या मागणीसाठी आपल्या संघटनेत आणावे.

आणि नावाच्या ठरावावर हात वर करण्याआधी प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा. उद्या या कार्डाचा सभासद रात्री ११ वाजता चौकीवर बसवला गेला, तर पाटीवरचे हे शब्द वाचून नेमके कुणी उठून तिकडे जायचे आहे? ज्या नावातून त्याचे उत्तर मिळत नाही ते नाव, कितीही भारदस्त असले तरी, नामंजूर करावे.